पाळलेल्या लहान जिवांचें रक्षण



आपल्या शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींपैकीं पुष्कळांच्या घरीं कांहींना कांहीं पाळलेलें असतें. कोणाच्या दारांत चार कोंबड्या व त्यांचीं पिलें, कोणाच्या गच्चीवर कबुतरें, कोणाच्या पडवींत पांढरा ससा, कोणाच्या ओसरीवर मांजराचें पिलूं. आणि वाडीवस्तीवर राहणाऱ्यांकडे तर कुत्रा व एकादी शेळी हटकून असावयाचीच. सुट्टी संपवून मुलें परत आलीं म्हणजे त्यांच्या निबंधांच्या वह्यांत या प्राण्यांच्या गोष्टी आम्हांस वाचावयास मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा शेवट एकाच जातीचा असतो. घारीनें पिलूं नेलें, मुंगसानें कोंबड्या मारल्या, बिबट्यानें कुत्रा नेला. गोष्टीच्या अखेरीस त्या घारीस, त्या मुंगसास व त्या बिबट्यास दुष्ट, चोर, खुनी अशीं विशेषणें बहुधा लावलेलीं आढळतात. खुराड्याचें दार त्या रात्रीं कोणीं लावावयाचें होतें, याचा उल्लेख मात्र क्वचितच सांपडतो.

प्रस्तुत लेख या राहून गेलेल्या उल्लेखाविषयीं आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, एकाद्या जिवास आपण पाळतों तेव्हां त्याची पळण्याची, लपण्याची व जागा बदलण्याची मोकळीक आपण काढून घेतों. माळावरचा ससा धोका दिसतांच झुडपांत धांव घेतो. पिंजऱ्यांतल्या सशास तें शक्य नसतें. जी मोकळीक आपण काढून घेतली तिच्या बदलीं संरक्षण देणें हें आपल्याच माथीं येतें. हें कर्तव्य नीट पार पाडावयाचें तर कोण येतो, केव्हां येतो आणि कोणत्या वाटेनें येतो, हें अगोदर जाणलें पाहिजे. यास्तव प्रथम त्याचाच विचार करूं.

दिवसा येणारे

आकाशांतून येणाऱ्यांत घार सर्वांच्या ओळखीची. तपकिरी रंग, रुंद पंख व मध्यें खांच पडलेलें शेपूट यांवरून ती दुरूनही ओळखूं येते. तिचें मुख्य अन्न म्हणजे मेलेलीं जनावरें, उंदीर, टोळ, आणि मनुष्यानें उघड्यावर टाकलेला मांसमच्छीचा केरकचरा. कोंबडीचें पिलूं हें तिचें रोजचें जेवण नव्हे. तें तिला सहज मिळालें तर ती सोडीत नाहीं इतकेंच. ज्या घरामागें मासळीचीं डोकीं व मटणाचे तुकडे पडतात त्या घरावर घारी घिरट्या घालूं लागतात, आणि घिरट्या घालतां घालतां खालचीं पिलें त्यांच्या नजरेस पडतात. अर्थात् घारीस आमंत्रण बहुधा आपणच दिलेलें असतें.

शिक्रा हा घारीहून पुष्कळ लहान, सुमारें कबुतराएवढा पक्षी. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. तो आकाशांत मिरवीत नाहीं. निंबाच्या किंवा चिंचेच्या फांदीवर पानाआड बसून राहतो आणि एकाएकीं खालीं झेप घेऊन पिलूं, सरडा किंवा चिमणी उचलतो. मोठ्या कबुतरांस त्याचें भय कमी. त्यांचे खरे वैरी म्हणजे ससाणा व मोरघार. अंडीं व नुकतींच बाहेर पडलेलीं पिलें यांस कावळ्याचेंही भय असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

जमिनीवरून दिवसा येणाऱ्यांत मुंगूस प्रमुख. रात्रीं येऊन मुंगसानें कोंबड्या मारल्या असें मुलें लिहितात, परंतु मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्रींचा अपराधी बहुधा दुसराच कोणी असतो. अंड्यांच्या चोरींत घोरपडीचाही हात असतो. आणि या सर्वांहून जवळचा शत्रु म्हणजे शेजाऱ्याचें, किंबहुना आपलें स्वतःचें मांजर, व गल्लींतलीं मोकाट कुत्रीं. रानांतल्या श्वापदाकडे बोट दाखविण्यापूर्वीं या घरच्या मंडळींची चौकशी अवश्य करावी.

रात्रीं येणारे

अंधार पडला कीं पाळी बदलते. बाऊल म्हणजे रानमांजर, झाडांवरून व कौलांवरून सहज चालणारें उदमांजर, खोकड, कोल्हा, मोठें शृंगी घुबड, साप व घूस हे सर्व रात्रींचे प्रवासी. साप अंड्यांसाठीं व पिलांसाठीं येतो. कित्येकदां तर तो कोंबड्यांच्या दाण्यांवर जमलेल्या उंदरांच्या मागावर आलेला असतो. कर्जत, श्रीगोंदें व पारनेर या बाजूंच्या माळरानांत लांडगा आहे. तो शेळ्यामेंढ्यांच्या करडांकोकरांवर टपलेला असतो. आणि अकोलें, संगमनेर, राहुरी या बाजूंच्या उसांत बिबट्या आहे. त्याचें प्रकरण मोठें असल्यामुळें पुढें स्वतंत्रपणें घेऊं.

या ठिकाणीं कोंबडीचा एक गुण ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तिला अंधुक उजेडांत फारसें दिसत नाहीं. म्हणून सूर्य मावळूं लागला कीं ती आपण होऊन खुराड्याकडे वळते. उलट तिच्यावर येणाऱ्या बहुतेक प्राण्यांस त्याच वेळीं उत्तम दिसूं लागतें. तेव्हां दिवसाचा जो अर्धा तास तिला सर्वांत धोक्याचा, तोच तिला कोंडण्यास सर्वांत सोयीचा. ईश्वरानें तिच्या ठायीं ही सोय करून ठेविली आहे. आपणांस उरतें तें फक्त दार लावणें.

खुणा वाचण्याची विद्या

एकादें जनावर गेल्यावर रागानें काठी घेऊन धांवण्यापेक्षां खालीं बसून जागा पाहावी. तेथें बहुतेक सर्व हकीकत लिहिलेली असते.

उघड्या जागेंत पिसें एका ठिकाणीं पसरलेलीं व पक्षी नाहींसा झालेला, जमिनीवर ओढल्याची खूण नाहीं, तर काम पक्ष्याचें. पिसें ओळीनें पडत गेलीं असतील तर मांजर, कोल्हा किंवा कुत्रा भक्ष्य तोंडांत धरून त्या दिशेनें गेला असें समजावें. एकाच वेळीं पुष्कळ कोंबड्या मारून तेथेंच टाकल्या असतील तर कुत्रा किंवा रानमांजर; कारण बंद जागेंत भक्ष्याची फडफड सुरू झाली कीं हे प्राणी एकावर थांबत नाहींत. अंडें टरफलासकट नाहींसें झालें तर साप. तो अंडें सबंध गिळतो. टरफलाचे तुकडे दगडाजवळ किंवा भिंतीजवळ पडलेले असले तर मुंगूस. तें अंडें पुढच्या पायांत धरून मागें कठीण वस्तूवर आपटून फोडतें. पिलांचे पाय कुरतडलेले आढळले तर उंदीर किंवा घूस.

कोंबडीची भाषाही शिकून घ्यावी. आकाशांत शिकारी पक्षी दिसला तर कोंबडा एक बारीक, लांब स्वर काढतो आणि सर्व मंडळी जागच्या जागीं दबून बसते. जमिनीवरून शत्रु आला तर तुटक तुटक कलकलाट सुरू होतो व माना उंच होतात. शास्त्रज्ञांनीं या दोन स्वरांचा पुष्कळ अभ्यास केला असून त्यांचे अर्थ खरोखरच निराळे आहेत असें त्यांस दिसून आलें आहे. आपल्याकडील म्हाताऱ्या बायकांस हें शिकविण्याची गरज नाहीं. चुलीपुढें बसूनही त्या आवाजावरून वर पाहावें कीं खालीं, हें सांगतात.

खुराडें कसें असावें

आपल्याकडे पिलें डालग्याखालीं झांकण्याची जुनी पद्धत आहे. दिवसा घार, शिक्रा व कावळा यांपासून बचाव होण्यास ती फार चांगली. परंतु डालगें हलकें असतें. मांजर तें सरकवितें व कुत्रा उलथवितो. वर दगड ठेविला तरी रात्रीं त्यावर विसंबूं नये. रात्रींसाठीं खुराडेंच पाहिजे, व त्याच्या बाबतींत पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट जाळी. बाजारांत कोंबड्यांची जाळी म्हणून मिळणारी बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबडीस आंत ठेवण्यास पुरते. कुत्र्यास बाहेर ठेवण्यास पुरत नाहीं. तो ती दातांनीं फाडतो. त्याऐवजीं अर्धा इंच चौकोनांची, सांधे जोडलेली जाड लोखंडी जाळी घ्यावी. अर्ध्या इंचांतून मुंगूस, घूस किंवा मोठा साप शिरूं शकत नाहीं. भोंकें मोठीं असलीं तर मांजर पंजा आंत घालून झोपलेल्या पक्ष्यास ओढतें, हेंही विसरूं नये.

दुसरी गोष्ट तळ. जमिनीवर ठेवलेल्या खुराड्याखालून घूस व कुत्रा उकरून आंत येतात. खुराडें दोन-तीन फूट उंच पायांवर उभें करावें. तें शक्य नसेल तर जाळी एक फूटभर जमिनींत पुरावी, किंवा चारी बाजूंनीं फूट-दीड फूट बाहेर आडवी अंथरून वर दगडमाती टाकावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या कडेशींच उकरूं लागतो, आणि जाळी लागली कीं निराश होऊन जातो.

तिसरी गोष्ट छप्पर. चारी बाजू पक्क्या करून वरचा भाग उघडा टाकणें ही नेहमींची चूक. कबुतरखान्यास व सशाच्या मोकळ्या आवारासही वरून जाळी पाहिजे. कापडाचें किंवा गवताचें छप्पर उन्हास ठीक, परंतु उदमांजरास तें दारासारखेंच.

चौथी गोष्ट कडी. सुतळीनें बांधलेलें दार म्हणजे उघडें दार. कडी-कोयंडा असावा, व तो रोज एकाच मनुष्यानें लावावा. घरांत जें काम सर्वांचें असतें तें कोणाचेंच नसतें. घरांतल्या एका मुलानें हें काम आपल्याकडे मागून घ्यावें, व कडी लावण्यापूर्वीं जनावरें मोजावीं.

सशासंबंधीं एक निराळी सूचना. ससा जाळीच्या आंत सुरक्षित असला तरी बाहेर कुत्रा किंवा मांजर फिरतांना दिसल्यास तो भयानें आजारी पडतो, प्रसंगीं मरतो देखील. म्हणून त्याच्या पिंजऱ्याचा एक कोपरा फळ्यांनीं पूर्ण बंद केलेला असावा, म्हणजे त्यास शत्रूच्या दृष्टीआड होतां येतें. मांजराच्या पिलांस रात्रीं घरांतच घ्यावें. त्यानें पिलूंही वांचतें व शेजाऱ्याचीं कबुतरेंही वांचतात.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगितलेली बरी. देशी पोपट, तितर व रानससा हे पकडून पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे. त्यांचें खरें रक्षण त्यांस न पकडण्यांतच आहे.

उसांतला बिबट्या

आतां आपल्या जिल्ह्याच्या विशेष प्रश्नाकडे वळूं. प्रवरेच्या कांठचा मुलूख एकेकाळीं बाजरीचा होता. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, पाटाचें पाणी खेळूं लागलें, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हांपासून ऊस वाढत गेला. ऊस वर्षभर, व आडसाली असल्यास सोळा ते अठरा महिने उभा असतो. आंत गारवा, आडोसा व जवळच पाणी. बिबट्याच्या दृष्टीनें तें एक रानच झालें. त्यांत माद्या वितात, पिलें वाढवितात. ऊसतोडीच्या वेळीं सरींत बिबट्याचीं पिलें सांपडल्याच्या वार्ता दर हंगामांत येतात.

या उसांत तो खातो काय? याचें उत्तर आपल्याच अकोलें तालुक्यांत मिळालें आहे. डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं तेथील शेतांत आपोआप छायाचित्रें घेणारे कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावरून असें दिसलें कीं, दाट लोकवस्तीच्या या शेतीच्या मुलुखांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे राहतात. पुढें २०१४ सालीं बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीवरून त्याच्या अन्नाचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्याच्या भक्ष्याच्या वजनापैकीं सुमारें ८७ टक्के भाग पाळीव जातींच्या प्राण्यांचा होता. एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के, मांजरांचा सुमारें १५ टक्के, आणि शेळ्यांचा सुमारें ११ टक्के.

मित्रहो, या आंकड्यांपाशीं क्षणभर थांबा. त्या भागांत शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट आहे. मांसही शेळीचेंच अधिक. मग कुत्रे इतके अधिक व शेळ्या इतक्या थोड्या कां? कारण शेळी मोलाची म्हणून तिला रात्रीं गोठ्यांत किंवा घरांत घेतात, आणि कुत्रा मोकळा हिंडतो. दोघांच्याही दारावरून तोच बिबट्या जातो. एकीच्या पुढें दार बंद असतें, दुसऱ्याच्या पुढें नसतें. आम्ही इतका वेळ जें सांगत आहों त्याचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

धनगर लोक हें फार पूर्वींपासून जाणतात. ते मेंढरें रात्रीं वाघुरींत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणांत, एकत्र बसवितात; कुत्रीं सोबत असतात व एक मनुष्य जागा असतो. अकोल्याच्या डोंगरांतील महादेव कोळी बंधु दरवर्षीं वाघबारस पाळतात व वाघोबाचें स्मरण करितात. आमची उपासना निराळी आहे. तथापि श्वापद हाही या मुलुखाचा रहिवासी आहे व त्याच्याशीं जपूनच राहिलें पाहिजे, ही जी समजूत त्या चालीच्या मुळाशीं आहे, ती आपण सर्वांनीं घेण्याजोगी आहे.

आतां यांत मोठी गोष्ट कोणती तें ऐका. कुत्रा राखण करील म्हणून लोक त्यास ओट्यावर साखळीनें बांधतात. बिबट्यापुढें साखळीचा कुत्रा म्हणजे ताटांत वाढलेलें अन्न. त्यास पळतांही येत नाहीं. एकदां येथें अन्न मिळतें असें बिबट्यास कळलें म्हणजे तो त्याच ओट्याकडे पुन्हां येतो. आणि उन्हाळ्यांत त्याच ओट्यावर, त्याच अंगणांत, घरचीं लहान मुलें झोपलेलीं असतात. आपल्या जिल्ह्यांत व शेजारच्या जुन्नर-शिरूर भागांत बिबट्याच्या हल्ल्यांत मुलें बळी पडलीं आहेत. तेव्हां कुत्रा रात्रीं आंत घेणें ही केवळ कुत्र्यावरची दया नव्हे. आपल्या भावंडांची काळजी तीच आहे. पालकांनीं या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची हात जोडून विनंती आहे.

अघोर उपायांविषयीं

वसतिगृहांत राहणाऱ्या एका मुलाचा कुत्रा अशाच रीतीनें गेला. सुट्टीहून परतल्यावर त्यानें आम्हांस विचारलें, “गुरुजी, उरलेल्या मांसाला औषध लावून ठेवलं असतं, तर तो पुन्हा आलाच नसता ना?” त्याचा राग आम्हांस समजला. आम्हीं त्यास विचारलें, “तें मांस बिबट्यानेंच खाल्लें असतें, हें तुला कोणीं सांगितलें?” तो विचारांत पडला, कारण त्या वस्तीवर आणखी दोन कुत्रे, मांजरें, घारी व कावळे होतेच. विषाला ओळख नसते. त्याची वाट एका पोटांतून दुसऱ्या पोटांत जाते.

याचें ठळक उदाहरण गिधाडांचें. गुरांस वेदना कमी होण्यासाठीं डायक्लोफेनॅक नांवाचें औषध देत असत. तें मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. १९९० नंतरच्या थोड्याच वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. गुरांसाठीं त्या औषधावर २००६ सालीं बंदी आली, परंतु गेलेलीं गिधाडें परत आलीं नाहींत. येथें तर कोणाचा हेतु गिधाडें मारण्याचाही नव्हता. मग हेतुपुरस्सर टाकलेल्या विषाचें फळ काय होईल याचा विचार करा. उंदरांस घातलेलें विषही असेंच घुबडाच्या पोटीं जातें. आणि गव्हाणी घुबडासारखा उंदीर मारणारा नोकर शेतकऱ्यास बिनपगारी दुसरा मिळत नाहीं. घारही आपल्या गांवची घाण रोज उचलते. एका पिलाच्या मोबदल्यांत ती किती उंदीर नेते याचा हिशेब आपण ठेवीत नाहीं.

बिबट्यास पकडून दूर नेऊन सोडावें असें पुष्कळ म्हणतात. हाही प्रयोग झालेला आहे. जुन्नर भागांत २००१ नंतर बिबटे पकडून सुमारें चाळीस किलोमीटर दूरच्या जंगलांत सोडले. त्यापूर्वीं त्या भागांत वर्षास सरासरी चार माणसांवर हल्ले होत; २००१ ते २००३ या काळांत ती सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलुखांत सोडलेलें जनावर बिथरतें, आणि रिकाम्या झालेल्या जागीं दुसरें येतें. जें श्वापद माणसावर हल्ला करूं लागलें त्याचा बंदोबस्त वनखात्यानें करावयासच पाहिजे. जुन्नरजवळ माणिकडोह येथें अशा बिबट्यांसाठीं निवारा केंद्रही आहे. परंतु उघडें अंगण तसेंच ठेवून एकामागून एक बिबटे पकडीत जाणें म्हणजे पाट न बांधतां पाणी उपसणें होय.

फांसे, विजेच्या तारा व गोफणीचे दगड यांविषयींही हेंच. बिबट्या, लांडगा, मुंगूस, घोरपड, घार व ससाणा या सर्वांस १९७२ च्या कायद्याचें संरक्षण आहे. त्यांस मारणें किंवा पकडणें हा गुन्हा आहे. आणि कुंपणांत सोडलेल्या विजेनें घरचींच माणसें दगावतात.

वन्य जिवांकडे द्वेषानें पाहण्याऐवजीं जिज्ञासेनें पाहावें, याचा कित्ता आपल्याच जिल्ह्यांत आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. सॅम्युएल बेकन फेअरबँक हे वडाळ्यास पुष्कळ वर्षें होते. प्रभुसेवेबरोबर त्यांनीं या मुलुखांतल्या पक्ष्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. दक्षिणेंतील पळणीच्या डोंगरांत राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत आजही त्यांचें नांव आहे. घार दिसतांच दगडाकडे हात जाणाऱ्या मुलानें तोच हात वहीकडे न्यावा. ती किती वाजतां आली, कोठें बसली, काय उचललें, हें महिनाभर लिहून ठेवावें. पुढें कोंबड्या केव्हां मोकळ्या सोडाव्या हें ती वहीच त्यास सांगेल.

ध्यानांत ठेवण्याचे नियम

१. सूर्य मावळण्यापूर्वीं सर्व जनावरें मोजून आंत घ्यावीं व कडी स्वतः लावावी.

२. पिलें दोन महिन्यांचीं होईपर्यंत दिवसा जाळीखालीं, डालग्याखालीं किंवा मनुष्याच्या नजरेखालीं ठेवावीं. उघड्या अंगणांत झुडूप, बाज किंवा पाचटाचा आडोसा असावा, म्हणजे पळून लपण्यास जागा मिळते.

३. मांसमच्छीचा केरकचरा उघड्यावर टाकूं नये; पुरावा. सांडलेला दाणा संध्याकाळीं झाडून घ्यावा, म्हणजे उंदीर येत नाहींत व उंदरांमागून साप येत नाहीं.

४. कुत्रा रात्रीं आंत घ्यावा किंवा पक्क्या जाळीच्या खोपटांत ठेवावा. उघड्यावर साखळीनें कधीं बांधूं नये.

५. शेळ्यांच्या गोठ्यास भिंत, छप्पर व दार हीं तिन्ही असावीं. घराला लागून ऊस लावूं नये. मध्यें मोकळी जागा व उजेड ठेवावा.

६. ज्या भागांत बिबट्या आहे तेथें लहान मुलांनीं तिन्हीसांजेनंतर एकट्यानें बाहेर जाऊं नये, उघड्यावर झोपूं नये.

७. बिबट्या दिसल्यास त्याचा पाठलाग करूं नये, गर्दी करूं नये, पिलें सांपडल्यास हात लावूं नये. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें. शेळी मारली गेल्यास तीही ताबडतोब कळवावी, म्हणजे सरकारी नुकसानभरपाईची चौकशी होते.

८. विष, फांसा व विजेची तार यांस घरांत थारा देऊं नये.

उपसंहार

पवित्र शास्त्रांत पाळलेल्या जिवांचे व श्वापदांचे उल्लेख वारंवार येतात. दावीद राजा होण्यापूर्वीं मेंढपाळ होता. सिंह किंवा अस्वल आलें असतां तो कळपापुढें उभा राहिला, आणि कळप राखण्याचें तें काम त्याच्या मोठेपणाची पहिली शाळा ठरली. नाथान संदेष्ट्यानें त्याच दाविदास त्याचा अपराध कळविला तो एका गरिबाच्या लाडक्या कोकराची गोष्ट सांगून. प्रभु येशूनें यरुशलेमेविषयीं आपलें दुःख बोलून दाखवितांना आपल्या पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टान्त घेतला. ती कोंबडी घारीशीं लढत नाहीं, तिचा सूडही घेत नाहीं. ती पंख पसरते, पिलांस हांक मारते, आणि तीं आंत येईपर्यंत जागची हलत नाहीं.

पालकहो, मुलास एकादें पिलूं आणून द्याल तेव्हां त्याबरोबर त्या पिलाची संध्याकाळही त्याच्या स्वाधीन करा. पहिले कांहीं दिवस तुम्हीच त्याच्यासोबत जा, कडी ओढून पाहा, जाळी चांचपून पाहा. पुढें तो आपण होऊन जाऊं लागेल. पाऊस असो, परीक्षा असो, पाहुणे आलेले असोत, दिवेलागणीस उठून आपल्यावर विसंबलेले जीव मोजून येण्याची ज्यास संवय लागली, तो मुलगा किंवा ती मुलगी पुढें मोठ्या कामावर नेमली गेली असतां तेथेंही माणसें मोजल्यावांचून दार लावणार नाहीं, असा आमचा भरंवसा आहे.